नवागत कर्मचारी, प्रशिक्षण आणि कार्यक्षमता : पहिल्या आठवड्याचा अभ्यास

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपूर्ण लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा विषयाची निवड करणे मला अवघड गेले नाही. आयुष्याची सत्तावीस वर्षे एका यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात नव्या कामगारांना काम शिकविण्यात गेली. त्यापूर्वीचे एक वर्ष एका आडवळणाच्या गावातील वसतिगृहात अधीक्षक म्हणून काढले होते. प्रस्तुत विषय कारखान्यातला वाटला तरी माझ्यापुरते त्याचे मूळ त्या वसतिगृहातील एका रात्रीत आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच करतो.

१९७९ सालच्या जून महिन्यात मी त्या वसतिगृहात रुजू झालो. दुपारी हजेरीपटावर सही केली. मुख्याध्यापकांनी किल्ल्यांचा जुडगा हाती दिला आणि "हळूहळू सगळे कळेल" एवढे बोलून ते तालुक्याच्या बैठकीस निघून गेले. जुडग्यात सतरा किल्ल्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. वसतिगृहात चौसष्ट मुले होती. तिसऱ्या रात्री चौथीतील एका मुलाला तापाने झटके येऊ लागले. औषधांचे कपाट कोणते हे मला ठाऊक होते, त्याची किल्ली कोणती हे ठाऊक नव्हते. मी कंदील धरून एकेक किल्ली लावून पाहत होतो. इतक्यात स्वयंपाकघरातील मावशी जाग्या होऊन बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "सर, किल्ल्या राहू द्या आता. ते कपाट दोन महिने झाले रिकामंच आहे. दुधाचा टेम्पो तीन वाजता फाट्यावर येतो, पोराला घ्या आणि चला."

आम्ही मुलाला घोंगडीत गुंडाळून फाट्यापर्यंत नेले. मूल वाचले. पुढे ते याच जिल्ह्यात नोकरीस लागले, असे मला कळले. चार दिवसांनी मात्र 'अधीक्षकांनी तत्परता दाखविली नाही' या कारणास्तव माझ्याकडून लेखी खुलासा मागविण्यात आला. मी खुलासा दिला. त्यात काय लिहिले ते आज आठवत नाही. एक प्रश्न मात्र तेव्हापासून मनातून गेला नाही. माझी पदवी ठीक होती, प्रकृती ठीक होती आणि मुलांविषयी कळकळही होती. तरी त्या रात्री माझी कार्यक्षमता शून्य होती. ती शून्यावरून वर आणावयास किती शिक्षण लागले असते? माझ्या हिशेबाने फार तर वीस मिनिटे.

नव्या कर्मचाऱ्याचे काम सुमार झाले की आपण सहसा माणसात दोष शोधतो. हा आळशी आहे, याला कळत नाही, याची निवडच चुकली, असे म्हणून मोकळे होतो. वास्तविक कामाची गुणवत्ता अनेक गोष्टींवर अवलंबून असते. अंगचे कौशल्य, कामाची माहिती, हाताशी असलेली साधने, वरिष्ठांची वागणूक आणि स्वतःची इच्छा यांचा त्यात वाटा असतो. यांपैकी कौशल्य आणि माहिती या दोनच गोष्टी प्रशिक्षणाने येतात. ही मर्यादा आरंभीच मान्य केलेली बरी. प्रशिक्षणाने सर्व काही साधते असे सांगणारे लोक बहुधा प्रशिक्षणच विकत असतात.

तरीही या दोन गोष्टींचे वजन किती मोठे असू शकते, हे दाखविणारे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ते अमेरिकेतील टेक्सास राज्यातील डॅलस येथील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचे आहे. अर्ल गोमरसॉल व स्कॉट मायर्स यांनी १९६६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या कंपनीच्या एका विभागात इंटिग्रेटेड सर्किट तयार होत असत. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून केसाहून बारीक तारा जोडण्याचे हे काम तीन पाळ्यांत चाले आणि ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. काम शिकण्यास कित्येक आठवडे लागत आणि नव्याने आलेल्यांपैकी पुष्कळजणी मध्येच नोकरी सोडून जात. त्या विभागाचे प्रमुख असलेल्या गोमरसॉल यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी चारशेहून अधिक कामगारांशी एकेकट्याने बोलून पहिल्या दिवसांत काय झाले ते विचारले.

उत्तरे एकसारखी निघाली. पहिले दिवस भीतीत गेले होते. आधीपासून काम करणाऱ्या बाया नवागतांना मुद्दाम घाबरवीत. मुकादम किती कडक आहे, काम किती अशक्य आहे आणि किती जणी काढून टाकल्या गेल्या, याच्या तिखटमीठ लावलेल्या गोष्टी त्या सांगत. त्यामुळे न समजलेले मुकादमाला विचारण्याचा धीर नवीन मुलीला होत नसे. न विचारल्यामुळे चुका होत, चुकांमुळे भीती वाढे आणि शेवटी ती घरी जाई. नोकरी सोडण्याचे मुख्य कारण काम अवघड असणे हे नव्हते. ते ही भीतीच होती.

यानंतर त्यांनी जो प्रयोग केला तो अगदी लहान होता. नव्याने भरती झालेल्या दहा जणींना नेहमीच्या पद्धतीने घेतले. त्यांना दोन तास कंपनीचे नियम, रजा आणि वेतन यांची माहिती दिली आणि मग कामावर सोडले. दुसऱ्या दहा जणींनाही तेच दोन तास दिले, परंतु उरलेला दिवस त्यांना कामाला हात लावू न देता एका खोलीत बसविले. तेथे चार गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या. पहिली अशी की, या कामात तुम्ही यशस्वी होण्याची शक्यता फार मोठी आहे. कंपनीच्या नोंदीप्रमाणे या कामावर घेतलेल्यांपैकी ९९.६ टक्के लोक अखेर ते शिकले होते आणि त्या नोंदी त्यांना दाखविण्यात आल्या. दुसरी अशी की, जुन्या मंडळींच्या घाबरविणाऱ्या गप्पांकडे लक्ष देऊ नका, ही येथली नेहमीची थट्टा आहे. तिसरी अशी की, न समजले तर स्वतः होऊन विचारा. नवा माणूस प्रश्न विचारणारच, हे मुकादमाने गृहीत धरलेले आहे. चौथी गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. तुमचा मुकादम कसा माणूस आहे, हे त्यांना आधीच सांगितले. तो कामात काटेकोर आहे, पण मनाने चांगला आहे. त्याला मासेमारीचा आणि हौशी रेडिओचा छंद आहे. तो थोडा लाजाळू आहे, पण तुम्ही बोललात तर त्याला आवडेल. जागेवरून उठताना त्याला सांगून जा, म्हणजे तुम्ही कोठे आहात हे त्याला ठाऊक राहते.

महिन्याच्या अखेरीस दोन्ही गटांची मोजणी झाली. नेहमीच्या गटातील स्त्री तासाला सरासरी २७ नग करीत होती, प्रयोगातील स्त्री ९३ नग करीत होती. अनुपस्थितीचे प्रमाण पहिल्या गटात अडीच टक्के होते, दुसऱ्यात अर्धा टक्का. उशिरा येण्याच्या घटना पहिल्या गटात आठ झाल्या, दुसऱ्यात दोन. प्रशिक्षणाला लागलेले तास पहिल्या गटात ३८१ होते, दुसऱ्यात २२५. त्या एका दिवसात तारा जोडण्याचे कौशल्य कोणीही कोणाला शिकविले नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. कौशल्य दोन्ही गटांना पुढे सारखेच शिकविले गेले. फरक पडला तो शिकण्याच्या मनःस्थितीत.

आता अभ्यासक म्हणून मला येथे सावध राहिले पाहिजे. दहा विरुद्ध दहा हा फार लहान नमुना आहे. शिवाय वेगळी वागणूक मिळालेला कोणताही गट काही काळ अधिक जोमाने काम करतो, हे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांपासून चर्चेत असलेले निरीक्षण येथेही लागू पडू शकते. आकडे नेमके तेवढेच सर्वत्र येतील असे मी म्हणणार नाही. माझ्या कारखान्यात मी हाच प्रकार थोड्या फरकाने करून पाहिला, तेव्हा तिप्पट काम कधीच मिळाले नाही. परंतु पहिल्या महिन्यात पळून जाणारी मुले निम्म्याहून कमी झाली. खेड्यातून आलेला, घरातला पहिला पगारदार असलेला मुलगा मुकादमाला प्रश्न विचारू लागतो, एवढ्यानेच पुष्कळ काही बदलते.

कौशल्य शिकविण्याच्या रीतीविषयी मात्र याहून भक्कम अनुभव उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लाखो नवे कामगार कारखान्यांत आले. त्यांत पूर्वी कधीही यंत्रासमोर न उभ्या राहिलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. १९४० साली तेथील शासनाने कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाची एक सेवा उभारली. तिची इंग्रजी आद्याक्षरे टी. डब्ल्यू. आय. अशी होती. आरंभीच त्यांच्यापुढे प्रश्न आला तो दुर्बिणी व तोफांच्या नेमसाधनांसाठी भिंगे घासणाऱ्या कारागिरांचा. असा कारागीर तयार होण्यास पाच वर्षे लागतात, असे जुने जाणकार सांगत. या मंडळींनी कारागिराच्या कामाचे तुकडे पाडून पाहिले. तेव्हा त्यातील पुष्कळसा भाग फारसे कौशल्य न लागणारा निघाला. तो इतरांकडे दिला, खरे कौशल्याचे टप्पे वेगळे काढले आणि प्रत्येक टप्प्यात हात नेमका कोठे चुकतो ते लिहून काढले. मग पाच वर्षांचे काम महिन्यांवर आले.

या सेवेची शिकविण्याची पद्धत चार पायऱ्यांची होती. तिचे मूळ चार्ल्स अॅलन या व्यवसाय-शिक्षकाच्या १९१९ सालच्या ग्रंथात आहे. शिकणाऱ्याची तयारी करावी, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवावे. वाचताना यात नवीन काही वाटत नाही. म्हणून मुकादमांच्या वर्गात एक प्रात्यक्षिक करीत. विजेच्या दिव्याच्या दोरीला बांधतात ती एक विशिष्ट गाठ शिक्षक प्रथम फक्त तोंडाने सांगत असे. एखादा मुकादम पुढे येई, प्रयत्न करी आणि फसे. मग शिक्षक एक शब्दही न बोलता गाठ बांधून दाखवी. समोर बसलेल्याला ती उलटी दिसे आणि तोही फसे. तिसऱ्या वेळी शिक्षक शिकणाऱ्याला शेजारी बसवी, टप्प्याटप्प्याने दाखवी, प्रत्येक टप्प्यातील मर्माची जागा आणि तिचे कारण सांगे, मग शिकणाऱ्याकडून तेच बोलत बोलत करवून घेई. गाठ पहिल्याच प्रयत्नात बसे. सांगणे म्हणजे शिकविणे नव्हे आणि दाखविणे म्हणजेही शिकविणे नव्हे, हे त्या मुकादमांना व्याख्यानाशिवाय पटे. सारा अभ्यासक्रम दहा तासांचा होता, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा.

१९४५ साली ही सेवा बंद झाली तोवर सोळा लाखांहून अधिक लोक तिच्या वर्गांतून बाहेर पडले होते. पाहणीतील सर्व कारखान्यांनी प्रशिक्षणाचा काळ किमान २५ टक्क्यांनी घटल्याचे कळविले. ८६ टक्के कारखान्यांनी उत्पादन किमान २५ टक्क्यांनी वाढल्याचे कळविले. हे आकडे कारखान्यांनी स्वतःच दिलेले असल्यामुळे मी ते थोडे उणे करूनच वाचतो. परंतु पुढे युद्धोत्तर जपानने हीच पद्धत उचलली, टोयोटासारख्या कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ती आपल्या कामाच्या रीतीचा भाग केली आणि आजतागायत सांभाळली. ज्यांना ती उपयोगी पडली नसती त्यांनी ती इतकी वर्षे सांभाळली नसती.

नवागताला एका जाणत्या माणसाच्या हाती सोपवावे, हा विचार आधुनिक कारखान्यांनी शोधून काढलेला नाही. या अंकाच्या वाचकांना विनयपिटकातील 'निस्सय' ठाऊक असेल. नव्या भिक्खूने किमान पाच वर्षे उपाध्याय किंवा आचार्य यांच्या आश्रयाने राहावयाचे असते. तेथे कर्तव्ये दोन्ही बाजूंची सांगितली आहेत. शिष्याने उपाध्यायाची सेवा करावयाची असते, तसे शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावयाची असते. शिकविणाऱ्यावरही तितकीच जबाबदारी टाकणारी ही व्यवस्था मला आजच्या अनेक सेवानियमांपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली वाटते.

आपल्याकडे या बाबतीत कायदे नाहीत असे नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शाळांत शिक्षणसेवकाचा तीन वर्षांचा कालावधी आहे. परंतु माझ्या पाहण्यातील बहुसंख्य ठिकाणी हा काळ शिकण्याचा न राहता कमी मानधनावर पूर्ण काम करण्याचा झाला आहे. शिकाऊ उमेदवाराला वर्षभर एकाच यंत्रावर उभे करणारा कारखाना आणि नव्या शिक्षणसेवकाला पहिल्याच दिवशी सर्वांत दांडगट वर्ग देणारी शाळा, दोघेही एकच चूक करतात. जुन्यांना नको असलेले काम नव्याच्या माथी मारले जाते आणि मग नवा निकामी ठरतो.

प्रशिक्षणाचे मोजमाप कसे करावे, याविषयी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्या आजही उपयोगी आहेत. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का आणि त्यातून संस्थेच्या कामात काही फरक पडला का, हे ते चार प्रश्न. आपल्याकडील बहुतेक अहवाल पहिल्या पातळीवरच थांबतात. 'प्रशिक्षण उत्साहात संपन्न झाले' असे लिहून छायाचित्र चिकटविले जाते. तिसऱ्या पातळीचा प्रश्न विचारावयाचा तर दोन महिन्यांनी पुन्हा त्या माणसाकडे जावे लागते आणि तेवढी सवड कोणाला नसते.

एक गोष्ट याच ओघात सांगावयास हवी. कारखान्यात एकदा एक विभाग प्रशिक्षणाची मागणी घेऊन आला. नवे कामगार माल फार बिघडवीत होते. मी तेथे जाऊन दोन दिवस उभा राहिलो. यंत्राची पकड झिजलेली होती. जुने कामगार लाकडाची चकती अडकवून काम भागवीत, नव्यांना ती युक्ती कोणी सांगितली नव्हती. वर्ग घेऊन त्यांना चकती लावावयास शिकविता आले असते. मी पकड बदलून मागितली. ज्याला कसे करावे हे कळते, तरी काम होत नाही, तेथे शिकविण्यापूर्वी साधने आणि व्यवस्था तपासावी, हा नियम मी त्या दिवसापासून पाळला. माझ्या वसतिगृहातील औषधांच्या रिकाम्या कपाटालाही तोच नियम लागू होता. किल्ली सापडली असती तरी आत काही नव्हते.

आता आपल्या विद्यालयाकडे येतो. निवासी विद्यालयात नवा माणूस येतो तो शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी किंवा पहारेकरी म्हणून. कारखान्यात नवागताच्या चुकीने नग वाया जातात. येथे दिवसरात्र मुले असतात. त्यांचे आईवडील ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरात मजुरीला गेलेले असतात आणि त्यांनी मूल आपल्या भरवशावर ठेवलेले असते. स्वयंपाकघरात नव्याने आलेल्या माणसाला पिण्याचे पाणी कोणत्या टाकीतून भरावयाचे हे ठाऊक नसेल, तर त्याची किंमत तो स्वतः मोजत नाही. म्हणून येथे नव्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण हा प्रशासनाचा तपशील मानता येत नाही.

यासाठी फार खर्च लागत नाही. नवागत रुजू होईल त्या दिवशी त्याच्यावर कोणतीही स्वतंत्र जबाबदारी टाकू नये. पहिल्या तीन रात्री त्याने जुन्या माणसासोबत काढाव्यात. सोबत देण्याचा माणूस पदाने मोठा नसला तरी चालेल, तो त्या कामातला जाणता हवा. अनेकदा अधीक्षकाला वसतिगृह शिकविण्यास मावशींइतका योग्य माणूस दुसरा नसतो. यात कमीपणा वाटणाऱ्या अधीक्षकाला ते आधी समजावून सांगावे लागते. जुन्या मंडळींनी नव्याची परीक्षा पाहण्याची जी हौस असते, ती मुख्याध्यापकांनी सौम्यपणे पण स्पष्टपणे थांबवावी. महिन्याने आणि तीन महिन्यांनी नवागताला बसवून विचारावे की, तुला काय सांगितले गेले नव्हते? आलेली उत्तरे लिहून ठेवावीत. पुढच्या नवागतासाठी तोच अभ्यासक्रम होतो. तज्ज्ञ बोलावून तयार केलेल्या पुस्तिकेपेक्षा तो अधिक कामाचा निघतो, असा माझा अनुभव आहे.

संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी या अंकाच्या निमित्ताने एक विनंती ठेवली आहे. प्रत्येक विभागात एक वही असावी, दोनशे पानी, साधी. अधीक्षकाच्या वहीचे पहिले पान मी स्वतः लिहून पाठविले आहे. त्यावर जवळच्या डॉक्टरांचे घर कोठे आहे आणि रात्री दार कोणत्या बाजूने ठोठवावे, वाहन कोणाकडे मिळते, कोणत्या मुलाला झटके, दमा किंवा एखाद्या औषधाचे वावडे आहे, औषधांचे कपाट शेवटचे कोणत्या तारखेला तपासले आणि कोणती किल्ली कशाची, एवढाच मजकूर आहे. किल्ल्यांना बांधण्यासाठी पत्र्याच्या सतरा चकत्याही सोबत पाठविल्या आहेत. अधिक लागल्यास कळवावे.